घरचं लोखंड

पुराचं पाणी उतरलं तेव्हा गैबी शिकलगारच्या घरात पहिल्यांदा दिसला तो पलंग. तो होता तिथंच होता, फक्त मागची भिंत त्याच्यावर येऊन बसली होती आणि त्याचे दोन पाय मोडून चिखलात रुतले होते. लोखंडी पाइपांचा, हिरव्या रंगाचा पलंग. सलमाच्या लग्नात तिच्या माहेरच्यांनी कोडोलीहून टेम्पोत घालून पाठवलेला. त्याच्यावर सुहाना जन्मली होती आणि त्याच्यावरच गैबीची आई गेली होती. सलमा उंबऱ्यात उभी राहून पलंगाकडे बघत होती, आणि गैबी पोटरीभर चिखलात उभा राहून सलमाकडे.

"रडायचं आसंल तर आत्ताच रडून घे," तो म्हणाला. "मग पाट्या उचलायच्या हायत."

"रडतंय कोण? हितं नाक धरल्याबिगर उभं ऱ्हायाला येईना."

नदीकाठच्या माणसांना पूर काही नवा नसतो. पंचगंगेच्या या गावात पोरांची वयंसुद्धा पुरावरून सांगतात. हा एकोणीसचा, ही एकवीसची. पण चिखल दर वेळी नवाच असतो. तो तांदळाच्या डब्यात शिरतो, शिलाई मशीनच्या पोटात शिरतो, भिंतीतल्या खुंटीच्या भोकातसुद्धा जाऊन बसतो. वरून वाळल्यासारखा दिसतो आणि बोट घातलं की आत ओलाच. सलमा आणि सुहाना पाट्या भरत होत्या, गैबी उचलून गटारीपलीकडे टाकत होता. दुपारपर्यंत त्याची कंबर धरली. पन्नाशीला आलेला माणूस, त्यात वीस वर्षं भट्टीपुढं उभा. भुवया कधीच जळून गेलेल्या, आणि दोन्ही हातांवर भाकरीला पडतात तसे ठिणग्यांचे डाग.

पलंगाचे मोडलेले पाय सलमानं चिखलातून उपटून काढले आणि पडवीत उभे करून ठेवले. भंगारवाला आला, त्यानं मागितले.

"त्येला हात लावू नगंस," ती म्हणाली. भंगारवाला पुढच्या दाराला गेला.

गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला फाउंड्री होती. विजेच्या भट्टीत लोखंड वितळवून ट्रॅक्टरचे भाग ओतायचे आणि बोटीत घालून ब्राझीलला पाठवायचे. गावातल्या निम्म्या चुली त्याच भट्टीवर पेटायच्या. ओढ्याचं पाणी या वेळी फाउंड्रीतही शिरलं होतं आणि भट्टीखालचा खड्डा काठोकाठ भरला होता.

तिसऱ्या दिवशी मालकानं फाटकावर धान्याच्या पिशव्या वाटल्या. मालक म्हणजे राजवीरशेठ, तिशीतला, बापाच्या माघारी गादीवर बसलेला. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. घाईतला माणूस वाईट माणसापेक्षा कमी नुकसान करतो असं मात्र कुणी समजू नये. प्रत्येकानं पिशवी छातीशी धरून फोटो काढायचा होता. गैबीचा फोटो हलला म्हणून फोटोवाल्यानं त्याला परत उभा केला.

"चाचा, जरा हसा की."

गैबी हसला. आपण कशासाठी हसतोय ते त्याला कळलं नाही, आणि मग दिवसभर त्याचं तोंड कडू राहिलं.

पिशवी ठेवून तो आत गेला आणि खड्ड्यात डोकावला. काळं पाणी, वर तेलाचा तवंग. मागून राजवीर आला, त्याच्याबरोबर मजूर पुरवणारा ठेकेदार गणपतराव.

"सोमवारी भट्टी लावायची, गैबीचाचा," राजवीर म्हणाला.

"शेठ, खड्डा भरलाय."

"पंप लावतोय की. सोमवारपतुर पाणी काढतो."

"पाणी निघंल. वल कुठं जाती? भिंती पाणी प्यालेल्या हायत. भट्टी फुटून रस खाली उतरला तर…"

"ब्राझीलची ऑर्डर हाय. ती गेली तर परत येत न्हाय. मग बसू सगळी घरात, नदीकडं बघत."

गणपतरावानं तंबाखू झाडली. "गैबीला भ्या वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे. माझ्याकडं लई पोरं हायत. पोटाला मागतील तिथं हुबी ऱ्हातील."

गैबीनं परत खड्ड्यात बघितलं. फाउंड्रीत काम करणाऱ्या प्रत्येकाला, आणि त्यांच्या बायकांनाही, एक गोष्ट माहीत असते. लोखंडाच्या रसावर वरून पाणी पडलं तर ते चरचर करून उडून जातं, फार तर भाजतं. पण रसाच्या खाली पाणी सापडलं, तर ते सगळा रस डोक्यावर घेऊन वर येतं. मग छपरातून भोक पडतं आणि माणसं ओळखायला येत नाहीत. लग्न झाल्यावर गैबीनं सलमाला पहिल्यांदा काही सांगितलं असेल तर ते हेच.

त्या संध्याकाळी चुलीपुढं ती म्हणाली, "सोमवारी जायाचं न्हाय."

"मी न्हाय गेलो तर गणपतरावाची पोरं जात्यात. त्यास्नी भट्टीचं तोंड कुठलं आन् बूड कुठलं ते ठावं न्हाय. ती मरतील."

"आन् तुमी गेला तर?"

"मी गेलो तर बघून तरी मरंन."

सलमानं भाकरी तव्यावरून उचलून टोपलीत आपटली. तिला रडू आलं ते तेव्हा. पूर, भिंत, पलंग, कशानं आलं नव्हतं.

*

फाउंड्रीतल्या युनियनचा सेक्रेटरी होता कृष्णात. आवाज असा, की त्यानं कानात काही सांगितलं तर चौकात ऐकू जावं. त्यानं मुंबईच्या फेडरेशनला फोन केला. मुंबईवाल्यांनी विचारलं, "तुमचा माल कुठं जातो?" आणि दुसऱ्या दिवशी ब्राझीलमधल्या त्या ट्रॅक्टर कारखान्याच्या युनियनचा नंबर पाठवला.

तालमीच्या पडवीत फोन गुळाच्या डब्याला टेकवून उभा केला. इथं संध्याकाळ, तिकडं सकाळ. तिकडचा एक पोरगा इंग्रजी बोलायचा, इकडं सुहाना. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि एवढ्या माणसांपुढं पहिल्यांदाच बोलत होती. पडद्यावर दहाबारा माणसं दाटीनं बसली होती. मध्ये एक बाई, पन्नाशीची, केस पांढरे, खांदे कुस्तीगिरासारखे. तिचं नाव मार्लेने.

"त्यांच्यात बी पूर आलता," सुहाना सांगू लागली. "मे महिन्यात. आख्खं शहर बुडालतं. त्येंचा कारखाना बी."

पडवीतली माणसं फोनजवळ सरकली. परदेश म्हणजे कोरडा असतो, असंच सगळ्यांना वाटत होतं.

मग ती बाई स्वतः बोलायला लागली. ती थांबली की पोरगा इंग्रजीत सांगायचा, मग सुहाना मराठीत. तिचा नवराही भट्टीवर होता. पुरानंतर घाईनं भट्टी लावली. खड्डा कोरडा होता, सगळ्यांनी बघितला होता. पण भंगारात एक पाइप होता. दोन्ही तोंडांना चिखल वाळून बसला होता आणि आत पुराचं पाणी तसंच. तो रसात गेला.

सुहाना तिथं थांबली. पुढचं तिनं सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मार्लेनेनं पेला धरावा तसा हात वर धरला आणि उलटा केला. पुन्हा धरला, पुन्हा उलटा केला. त्याला भाषा लागत नव्हती. प्रत्येक वस्तू उलटी करून बघा, असं ती सांगत होती. सलमा बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. त्या बाईच्या तोंडावरून तिची नजर हलेना. डोळे कोरडे होते, आणि जबडा असा आवळलेला की बघणाऱ्याचे दात दुखावेत.

"तिला सांग," गैबी सुहानाला म्हणाला, "स्क्रॅप आमी वाळवतोच. ते आमास्नी ठावं हाय. शेठला थांबवायचं कसं ते इचार."

ते त्यांनी केलं. कसं केलं, ते ऐकून गावाचा विश्वास बसेना. तिकडच्या कामगारांनी आपल्या साहेबांना सांगितलं, की कोल्हापूरचा खड्डा वाळेपर्यंत ओतलेला एक भागही आम्ही ट्रॅक्टरला बसवणार नाही. आणि नुसतं सांगितलं नाही. रोज प्रत्येक पाळीत तासभर ते हात बांधून उभे राहू लागले, त्या तासाचा पगार गेला तरी.

"आमच्यात बांधावरचा धोंडा हलीवला म्हणून भावाभावांची टाळकी फुटत्यात," कृष्णात तालमीत म्हणाला, "आन् ही कोण कुठली माणसं, आपल्यासाठी पगार सोडून हुबी हायत. च्यायला, रडू येतंय राव." आणि खरंच रडला, तेही मोठ्यानं.

आठवडाभरात राजवीरला ब्राझीलच्या कंपनीनं कळवलं: उशीर चालेल, अपघात चालणार नाही. तो फाटकावर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"माझ्या घरातली भांडणं तुमी सातासमुद्रापार न्हेली, गैबीचाचा. मी तुमास्नी बापासारखं मानतो."

"म्हणून तर थांबवलं, शेठ," गैबी म्हणाला. "पोरगं हिरीत वाकाय लागलं तर बाप मागं वढतोच की."

राजवीर चिडून गाडीत बसला. पण भट्टी थांबली.

मग वाळवायचं काम सुरू झालं. ब्राझीलवाल्यांनी वर्गणी पाठवली होती, तिच्यातून कृष्णातनं लाल रंगाचा डिझेल पंप आणला. मालकाच्या खड्ड्यात कामगारांचा पंप चालू लागला; असं त्या फाउंड्रीत कधी घडलं नव्हतं. पाणी उपसलं. खड्ड्याच्या तळाला कोळशाच्या शेगड्या लावल्या. भिंतीला हात लावला की हात ओला व्हायचा, पुसून परत लावायचा. भट्टीचं आतलं लायनिंग गैबीनं फोडून नव्यानं ठोकलं. त्या दिवसांत तो रात्री जेवताना बोलायचा नाही, पण खायचा नीट. सलमा तेवढ्यावर समाधानी होती.

स्क्रॅप निवडायला गावातल्या बायका लावल्या, त्यांत सलमाही होती. उन्हात बसून एकेक तुकडा उचलायचा, उलटा करायचा, आपटायचा. पोकळ असला की बाजूला. तो कापून भाजायचा. सलमा इतक्या जोरानं आपटायची की बाकीच्या हसायच्या.

"सलमाभाभी, नवऱ्याचा राग लोखंडावर काढती जणू!"

"नवऱ्यावर काढला तर सैपाक कुणासाठी करू?"

हसता हसता ती पेला उलटा केल्यासारखा हात करायची, मार्लेने करायची तसा. बायकांत त्याची खूणच पडली. कुणी पाणी मागितलं तरी तसाच हात करायचा. एकदा एका पाइपातून खरंच गढूळ पाणी तिच्या मांडीवर सांडलं. ती उठून उभी राहिली, पदर पिळला, आणि नंतर कितीतरी वेळ कुणी हसलं नाही.

*

श्रावण सरता सरता खड्डा वाळला. गैबीनं तळाला वर्तमानपत्राचा कागद दिवसभर पसरून ठेवला आणि संध्याकाळी उचलला, तो कुरकुरीत निघाला. त्याचा फोटो सुहानानं ब्राझीलला पाठवला. तिकडून टाळ्यांचा व्हिडिओ आला.

"शुक्रवारी भट्टी लावू," राजवीर म्हणाला. त्याचाही आवाज आता निवळला होता. "आन् ऐका, या वक्ताला घरचं लोखंड खंडेनवमीला न्हाय, शुक्रवारीच घालायचं. सगळ्यांनी आणायचं. बायकापोरं बी येऊ देत. ब्राझीलवाल्यास्नी फोनवर दाखवू."

सगळ्यांना बरं वाटलं. मालकाच्या मनातली अढी गेली, असं सगळ्यांनी धरलं, आणि ती गेलीही होती.

घरचं लोखंड ही त्या फाउंड्रीची जुनी रीत. राजवीरच्या आजोबानं पाडलेली. वर्षातून एकदा प्रत्येक कामगारानं घरातला लोखंडाचा एक तुकडा आणायचा आणि पहिल्या रसात सोडायचा. कुणी विळ्याचं पातं, कुणी घोड्याचा नाल, कुणी नुसता खिळा. घरच्या बाईनं तो कापडात बांधायचा, गाठ मारायची. आणि ती गाठ भट्टीवाल्यानं सोडायची नाही. हिंदूंच्या गाठीला हळदकुंकू असायचं, मुसलमानांच्या गाठीवर फातिहा पढलेली असायची. भट्टीच्या तोंडाला सगळ्या सारख्याच. आत काय आहे ते बघणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं. भट्टीनं तुमच्या घरचं खाल्लं, की ती तुमच्या घरच्या माणसाला खात नाही, असं म्हणायचे.

गुरुवारी सलमा पडवीत पलंगाच्या पायापुढं बसली. दर वर्षी ती एक खिळा बांधून द्यायची. या वर्षी खिळा तिला पुरेना. घरानं एवढं सोसलं होतं, आणि भट्टीनं तिचा माणूस एवढे दिवस राखून परत मागितला होता. तिला काहीतरी मोठं द्यावंसं वाटत होतं.

"ह्यो पाय देती," ती म्हणाली. "पलंग तर गेलाच. निदान टॅक्टर हून तरी फिरंल कुठंतरी."

गैबी दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "दे की. अम्माचा जीव त्येच्यावरच गेलता."

पाय हातभर लांब होता. खालच्या टोकाला पत्र्याची टोपी डाग देऊन बसवलेली, आणि वरचं तोंड, जिथून तो मोडला होता, चिखलानं गच्च. सलमानं ओल्या फडक्यानं तो पुसला. हिरवा रंग वर आला. चिखल वाळून दगड झाला होता, तिनं नखानं टोकरून बघितला, निघाला नाही. पाय जड लागला. पलंग माहेरचा, जुन्या काळचा, जाड पत्र्याचा, जड लागणारच. सासूची हिरवी ओढणी पेटीतून काढली. पुरात भिजून तिचा रंग उडाला होता. तिच्यात पाय गुंडाळला, ओठ हलवत काहीतरी पुटपुटली, आणि तीन गाठी मारल्या.

महिनाभर तिनं हजार तुकडे उलटे करून आपटले होते. पण ते स्क्रॅप होतं, ट्रकमधून आलेलं, कुणाचं कोण जाणे. हे घरचं होतं. घरच्या माणसाची कुणी झडती घेतं का?

*

शुक्रवारी दुपार कलली तेव्हा भट्टी घुमायला लागली. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा तो आवाज, पायातून वर चढणारा. बायकापोरं पिवळ्या दोरीच्या मागं उभी होती. भट्टीच्या तोंडाशी चढायच्या पत्र्याच्या फलाटाखाली टेबलावर घरचं लोखंड रचलं होतं. दर वर्षी ताटात मावायचं, या वर्षी टेबल पुरेना. पुरात ज्याचं जे मोडलं ते त्यानं आणलं होतं. काही गाठी हातभर लांब होत्या, काही वाकड्यातिकड्या, कापडातून सायकलचा आकार ओळखू येणाऱ्या. गणपतरावसुद्धा एक गाठ घेऊन आला होता.

सुहाना फोन धरून दोरीच्या पुढं उभी होती. पडद्यावर तिकडची सकाळची पाळी, मोठ्या हॉलमध्ये, पन्नाससाठ माणसं हातात कॉफीचे पेले घेऊन. पुढं मार्लेने. सगळे हसत होते. इकडून सगळ्यांनी हात हलवले, तिकडून त्यांनी. भट्टीच्या घुमण्यात फोनचा आवाज काही ऐकू येत नव्हता, पण त्याची गरजही कुणाला वाटली नाही.

राजवीरनं नारळ फोडला. पहिली गाठ त्याची, मुठीएवढी; आत घोड्याचा नाल आहे, असं तो म्हणाला. गैबीनं ती लांब चिमट्यात धरली, फलाटावर चढला आणि भट्टीच्या तोंडात सोडली. कापडाचा भपकारा उठला. टाळ्या पडल्या. दुसरी कृष्णातची, त्यानं गावाला ऐकू जाईल असं सांगितलं की आत आजोबाच्या वाड्याचं कुलूप आहे. तीही गेली.

पडद्यावरची माणसं उभी राहिली.

"बघा, बघा! उठून टाळ्या वाजवाय लागलीत!" कृष्णात ओरडला.

ती हात हलवत होती. दोन्ही हात, डोक्याच्या वर. तोंडं उघडी होती. कुणीतरी खुर्चीवर चढलं. इकडं सगळ्यांना उधाण आलं. बायकांनी पोरं उचलून धरली, हात हलवले. राजवीरनं फेटा काढून हवेत फिरवला. एवढ्या लांबची माणसं आपल्यासाठी नाचतात, यापरतं आणखी काय पाहिजे? सुहाना रडत हसत होती.

गैबीनं तिसरी गाठ उचलली. हिरवी ओढणी.

सलमानंही हात वर केला होता. तेवढ्यात तिला मार्लेने दिसली. बाकीचे हलत होते, ती हलत नव्हती. जबडा आवळलेला. आणि तिचा एकच हात चालू होता. पेला धरावा तसा वर, मग उलटा. वर, उलटा. वर, उलटा.

सलमाच्या मांडीवर सांडलेलं ते गढूळ पाणी तिला आठवलं. आणि पलंगाच्या पायाचं ओझं आठवलं. पत्रा एवढा जड नसतो.

गैबी फलाटावर चढला होता. चिमटा पुढं गेला होता.

"गैबी!"

तिनं उभ्या आयुष्यात त्याला नावानं हाक मारली नव्हती. दोरी ओलांडून ती धावली. "गैबी! उलटं कर! उलटं!"

नवऱ्याचं नाव बाईच्या तोंडून ऐकून सगळी फाउंड्री तिच्याकडं वळली, आणि गैबीही वळला. वळताना चिमटा तिरका झाला. उष्णतेनं ओढणीनं पेट घेतला होता, चिखलाचं बूच तडकलं होतं. पायाचं मोडकं तोंड खाली झुकलं आणि त्यातून पाणी आलं. काळं, ओंजळभर. निम्मं फलाटाच्या पत्र्यावर पडलं, निम्मं रसावर.

रस थुंकला. पांढरी वाफ उठली आणि तिच्यातून ठिणग्यांचा झाडू गैबीच्या अंगावर आला. चिमटा मागं फेकून तो फलाटावरून उलटा खाली पडला. पलंगाचा पाय लोखंडी जमिनीवर घणघणत गेला आणि भिंतीला लागून थांबला. उरलेलं पाणी त्यातून गळत राहिलं.

"पॉवर बंद!" कुणीतरी ओरडलं. घुमणं हळूहळू खाली आलं.

सलमा पोचली तेव्हा गैबी बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत सोलून निघाला होता, गालाचं कातडं लोंबत होतं. एक डोळा मिटला होता तो उघडत नव्हता. दुसऱ्या डोळ्यानं तो तिच्याकडं बघत होता.

"मी बांधलं," ती म्हणाली. "मी माझ्या हातानं बांधलं वं."

"आत गेलं न्हाय," तो म्हणाला. दातांतून श्वास घेत होता. "गेलं आसतं तर हितं कोण बी बोलाय ऱ्हायलं नसतं. सुहाना कुठाय?"

"हाय. हाय ती."

राजवीर गाडी काढायला धावला. माणसं त्याला उचलायला वाकली, पण गैबीनं डावा हात आडवा धरला.

"आदी त्या गाठी सोडा."

"मामू, दवाखान्यात चला," कृष्णात म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला. "गाठी भट्टीवाल्यानं सोडायच्या नसत्यात."

"माझा हात कुठाय सोडायला? सलमा, तू सोड."

सलमा टेबलाकडं गेली. पहिली गाठ हळदकुंकवाची होती. तिनं दातानं ओढली. आत पाळण्याचा पाय. तो तिनं उलटा केला. पाणी. दुसऱ्या गाठीत सायकलचं हँडल. पाणी. तिसऱ्यात नुसतं खुरपं, कोरडं. ते तिनं बाजूला ठेवलं. चौथीत हातपंपाचा तुकडा, त्याच्या तोंडातला चिखल तिनं टेबलाच्या कडेवर आपटून फोडला, पाणी तिच्या पायांवर आलं. ज्या बाईची गाठ सुटायची ती तोंडाला पदर लावायची. गणपतरावाची गाठ आली. त्यानं मान खाली घातली. पंख्याचा दांडा होता. त्यातूनही पाणी निघालं. महिना झाला म्हणत होते नदी गावातून गेली. ती गेली नव्हती, घराघरातून गाठीत बांधून त्यांनीच तिला भट्टीपर्यंत आणली होती.

पहिल्या दोन गाठींत नाल आणि कुलूपच होतं, हे आता मालकाच्या आणि कृष्णातच्या शब्दावरच धरायचं होतं.

गैबीला गाडीत घातलं. सलमा त्याच्यामागं निघाली आणि मध्येच थांबली. सुहाना अजून फोन धरून उभी होती. हात खाली घ्यायचं तिला सुचलं नव्हतं. पडद्यावर सगळ्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. मार्लेने खाली बसली होती. तोंड हातांनी झाकलं होतं.

सलमानं भिंतीजवळचा पलंगाचा पाय उचलला. तो अजून गरम होता, ओढणीची राख त्याला चिकटली होती. फोनच्या पुढं जाऊन तिनं तो वर धरला आणि उलटा केला. एक थेंबही पडला नाही. मार्लेनेनं बोटांच्या फटीतून बघितलं. मग हात खाली घेतले. सलमानं मागच्या गाडीकडं बोट दाखवलं, आणि आपल्या छातीवर हात ठेवला: जिवंत आहे.

गाडीचा हॉर्न वाजला. ती पळत जाऊन मागच्या सीटवर बसली आणि गैबीचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा मिटलेला डोळा सुजून बंद झाला होता आणि त्याच्या कडेनं पाणी गळत होतं. ती ते पदरानं टिपत राहिली. फाटकातून बाहेर पडताना काचेवर पावसाचे थेंब आले.

"पाऊस?" गैबीनं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली.

गाडी ओढ्यावरच्या पुलावर आली. खाली पाणी कालच्यापेक्षा वर होतं.